कोलकात्याचा तिसरा रूळ आणि ओहमचा हिशोब

भारतातली पहिली भुयारी मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्यात धावली. एस्प्लनेड ते भवानीपूर, म्हणजे आजचे नेताजी भवन, एवढाच तो ३.४ किलोमीटरांचा मार्ग होता. मुंबईच्या लोकलसारखी या गाडीच्या डोक्यावर विजेची तार नाही. चाके ज्या दोन रुळांवरून धावतात त्यांच्या शेजारी, विद्युतरोधक आधारांवर, एक तिसरा रूळ टाकलेला असतो. त्यात ७५० व्होल्टची एकदिश वीज खेळत असते. गाडीच्या कडेचा कलेक्टर शू या रुळाला घासत पुढे जातो, वीज मोटारींमध्ये उतरते आणि चाकांखालच्या रुळांमधून उपकेंद्राकडे परतते. हा तिसरा रूळ पोलादाचा होता आणि जवळजवळ चाळीस वर्षे त्याने ही सेवा दिली.

जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो रेल्वेने तो बदलायचे ठरवले. पोलादाच्या जागी ॲल्युमिनियमचा संयुक्त रूळ टाकायचा, आधी दमदम ते श्यामबाजार, मग टप्प्याटप्प्याने पुढे. लंडन, मॉस्को, बर्लिन, म्युनिक, इस्तंबूल या शहरांनी हाच बदल केला आहे. या निर्णयामागचे मुख्य कारण एका वाक्यात मावते: पोलादी रुळाचा विद्युतरोध संयुक्त ॲल्युमिनियम रुळाच्या सुमारे सहापट असतो. बातमीत हे वाक्य वाचून आपण पुढे सरकतो. पण शाळेत शिकलेल्या दोन ओळींच्या गणिताने ते उलगडत गेले, की एका महानगराची दीडशेहून अधिक वर्षांची धडपड त्यात दिसू लागते.

त्या दोन ओळी अशा. एखाद्या वाहकाच्या दोन टोकांमधले विभवांतर व्होल्टमध्ये मोजा, त्यातून वाहणारी धारा अँपिअरमध्ये मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की रोध मिळतो, ओहममध्ये. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, वॉटमध्ये. मोजायचे दोन आकडे, आणि हाती येतात चार. रोध डोळ्यांना दिसत नाही, शक्तीही दिसत नाही. तरी एक भागाकार आणि एक गुणाकार त्या दोन्हींनाही उजेडात आणतो.

घरातली इस्त्री घ्या. तिच्यावर २३० व्होल्ट, १००० वॉट असे लिहिलेले असते. १००० ला २३० ने भागले की सुमारे ४.३५ अँपिअर धारा निघते आणि २३० ला ४.३५ ने भागले की रोध निघतो सुमारे ५३ ओहम. आता उन्हाळ्याच्या एखाद्या संध्याकाळी व्होल्टेज २०० वर उतरले असे समजू. इस्त्रीची तार तीच आहे, तिचा रोध जवळपास तेवढाच राहतो. मग धारा होते ३.८ अँपिअर, आणि शक्ती २०० गुणिले ३.८, म्हणजे ७५५ वॉटच्या आसपास. व्होल्टेज तेरा टक्क्यांनी घटले, पण उष्णता जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी घटली. विभवांतर कमी झाले की धाराही कमी होते आणि शक्तीवर दोन्हींचा मार बसतो, म्हणून शक्ती विभवांतराच्या वर्गाप्रमाणे बदलते. या एका वर्गामुळेच विजेचा सारा व्यवहार वेगळा होऊन बसला आहे. तो नीट मनात ठसवून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

विभवांतर, धारा आणि रोध यांना जोडणारा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो गेऑर्ग ओहम १७८९ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेन गावी जन्मला आणि कोलोनच्या शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवत होता. त्या काळातल्या बॅटऱ्या इतक्या बेभरवशाच्या होत्या, की प्रयोग चालू असतानाच त्यांची शक्ती घसरत जाई. ओहमने बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ व तांबे यांचे सांधे घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानांतला फरक पक्का, त्यामुळे निर्माण होणारे विभवांतरही पक्के. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून, चुंबकसुईला किती पीळ पडतो त्यावरून त्याने धारा मोजली. १८२७ मध्ये त्याचे पुस्तक आले आणि बराच काळ दुर्लक्षित राहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले ते १८४१ मध्ये. त्याच सुमारास सॅलफर्डच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातल्या जेम्स जूलने दुसरा धागा जोडला: तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. ओहमचा नियम आणि जूलचा नियम एकत्र आले की तिसऱ्या रुळाचे गणित मांडता येते.

ते मांडूच. हिशोब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेतो. पोलादी रुळाचा रोध दर किलोमीटरला ०.०२४ ओहम धरू आणि ॲल्युमिनियमच्या रुळाचा त्याच्या एक षष्ठांश, ०.००४ ओहम. सुरुवातीचा जोर घेणाऱ्या गाडीने ३००० अँपिअर ओढले असे समजू. उपकेंद्र एक किलोमीटर मागे आहे आणि तिथे नेमके ७५० व्होल्ट आहेत. परतीच्या रुळांचा रोध तूर्त बाजूला ठेवू.

पोलादी रुळात ३००० गुणिले ०.०२४, म्हणजे ७२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. गाडीच्या हाती लागतात ६७८. रुळात उष्णता होऊन जाणारी शक्ती ७२ गुणिले ३०००, म्हणजे २१६ किलोवॉट. इस्त्रीच्या भाषेत सांगायचे तर दोनशे सोळा इस्त्र्या त्या किलोमीटरभर रुळात तापत असतात. आता ॲल्युमिनियमचा रूळ टाकू. वाटेत जातात फक्त १२ व्होल्ट, गाडीला मिळतात ७३८ आणि रूळ खातो ३६ किलोवॉट. उपकेंद्रातून दोन्ही वेळा निघाले तेवढेच, २२५० किलोवॉट. पण पहिल्या वेळी मोटारींपर्यंत पोहोचले २०३४ आणि दुसऱ्या वेळी २२१४. गाडी तीच, प्रवासी तेच, उपकेंद्रही तेच. फक्त एका धातूच्या जागी दुसरा आला आणि १८० किलोवॉट मोकळे झाले. त्याच जुन्या डब्यांना अधिक चपळ सुरुवात करता येईल, दोन गाड्यांमधले अंतर कमी करता येईल असे मेट्रोने सांगितले, त्यामागे हाच हिशोब आहे.

प्रत्यक्षात गाडी बहुधा दोन उपकेंद्रांच्या मध्ये असते आणि दोन्हीकडून वीज घेते. याचा परिणाम फार सुंदर आहे. गाडी नेमकी मध्यावर, दोन्ही उपकेंद्रांपासून एकेक किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक बाजूने १५०० अँपिअर येतील. पोलादी रुळात प्रत्येक बाजूला १५०० चा वर्ग गुणिले ०.०२४, म्हणजे ५४ किलोवॉट जातील. दोन्ही बाजूंचे मिळून १०८. आधीच्या निम्मे. तापणारा रूळ दुप्पट झाला आणि उष्णता मात्र अर्धी झाली. अर्ध्या धारेचा वर्ग पाव होतो, म्हणून हे घडते.

याच ठिकाणी शिकणारी मुले हमखास अडखळतात, म्हणून थोडे थांबतो. शक्ती काढण्याचे तीन मार्ग पुस्तकात शेजारी शेजारी दिलेले असतात: विभवांतर गुणिले धारा, धारेचा वर्ग गुणिले रोध, विभवांतराचा वर्ग भागिले रोध. तिन्ही खरे आहेत. मग कुणी ७५० चा वर्ग करतो, त्याला रुळाच्या ०.०२४ ओहमने भागतो आणि उत्तर येते तेवीस मेगावॉटहून अधिक! चूक सूत्रात नाही. रुळाच्या दोन टोकांमधले विभवांतर ७५० नाहीच, ते ७२ आहे. ७२ चा वर्ग ०.०२४ ने भागा, पुन्हा तेच २१६ किलोवॉट येतील. ज्या वस्तूचा रोध घेतला, त्याच वस्तूच्या दोन टोकांमधले विभवांतर घ्यायचे. विजेच्या गणितात एवढी एक शिस्त पाळली, तर निम्म्या चुका होणारच नाहीत.

इतका बारीक रोध मोजतात कसा, हा प्रश्नही मोलाचा आहे. एक मीटर ॲल्युमिनियम रुळाचा रोध आपल्या गृहीतकाप्रमाणे ०.००४ मिलिओहम झाला. वायरमनच्या पिशवीतला मल्टिमीटर इथे निरुपयोगी ठरतो, कारण त्याच्या दोन तारांचाच रोध याच्या हजारो पट असतो. उपाय म्हणजे पुन्हा ओहमचा नियम, पण चार तारांनी. दोन जाड तारांनी रुळातून मोठी धारा सोडायची, समजा १०० अँपिअर. त्या तारांच्या आतल्या बाजूला, दहा मीटर अंतरावर, दुसऱ्या दोन बारीक तारा रुळाला टेकवून विभवांतर मोजायचे. बारीक तारांमधून जवळजवळ धाराच वाहत नाही, त्यामुळे त्यांचा रोध मोजणीत डोकावत नाही. दहा मीटरला ४ मिलिव्होल्ट दाखवले तर रूळ ॲल्युमिनियमचा, २४ दाखवले तर पोलादाचा. भागाकार केला की झाले. ही पद्धत लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखली जाते. मोजणीचे इतके निर्मळ तंत्र मला दुसरे माहीत नाही.

ॲल्युमिनियम विजेला चांगली वाट देते पण ते मऊ आहे. दिवसभर घासत जाणाऱ्या कलेक्टर शूंपुढे ते टिकणार नाही. म्हणून रुळाचे अंग ॲल्युमिनियमचे आणि घासणाऱ्या पृष्ठावर स्टेनलेस स्टीलची पट्टी, असा तो संयुक्त रूळ असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, तेव्हा प्रसरणाच्या सांध्यांचा विचार नव्याने करावा लागतो. या बदल्यात रूळ हलका होतो आणि पोलादी रुळाला दर पाच वर्षांनी द्यावा लागणारा रंगही टळतो. पस्तीस किलोमीटरांच्या मार्गिकेत पोलादाऐवजी हा रूळ वापरल्यास भांडवली खर्चात सुमारे २१० कोटी रुपये वाचतात, असा मेट्रोचा अंदाज आहे. वाटेत व्होल्ट कमी गळतात, त्यामुळे उपकेंद्रे लांब लांब ठेवता येतात.

विजेच्या बचतीचा मेट्रोने दिलेला अंदाज आहे वर्षाला ६७ लाख युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास). या आकड्यालाही आपल्या गणिताने हात लावून पाहू. ६७ लाखांना ३६५ ने भागले की दिवसाला सुमारे १८ हजार ३५० युनिट होतात. त्याला २४ ने भागले की ७६५ किलोवॉट. रात्री गाड्या बंद असतात तो वेळ धरूनही, वर्षभर अहोरात्र सरासरी ७६५ किलोवॉट केवळ रूळ तापवण्यात जात होते. पस्तीस किलोमीटरांवर पसरले तर मार्गाच्या दर मीटरला, दोन्ही दिशांचे तिसरे रूळ मिळून, सुमारे २२ वॉट. हात लावून कळणार नाही इतकी ही ऊब आहे. पण भुयारातली ऊब आपोआप आकाशात जात नाही. तिला बाहेर काढायला पंखे लागतात, आणि पंख्यांना पुन्हा वीज लागते.

मग साधा प्रश्न उरतो. रोध कमी करण्याऐवजी व्होल्टेज का वाढवू नये? तेवढीच शक्ती दुप्पट व्होल्टेजने पाठवली तर धारा अर्धी लागते आणि हानी पाव होते. हा रस्ता रेल्वेने जमिनीवर घेतलाच आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. हावडा ते शेवडाफुली १९५७ च्या डिसेंबरात सुरू झाली ती ३००० व्होल्टवर. पुढे दोन्हीकडे २५ हजार व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली. मुंबईच्या मध्य रेल्वेवर हे काम २०१६ मध्ये पुरे झाले. तीन मेगावॉट शक्तीला १५०० व्होल्टवर २००० अँपिअर लागतात, २५ हजार व्होल्टवर ढोबळमानाने १२०. धारा सुमारे सतरापट कमी, म्हणजे तेवढ्याच रोधाच्या तारेतली हानी पावणेतीनशे पटींहून कमी. पण २५ हजार व्होल्टच्या तारेभोवती मोकळी हवा बरीच लागते, म्हणून भुयार मोठे खणावे लागते. शिवाय जमिनीलगतच्या उघड्या रुळात एवढे व्होल्टेज ठेवताच येत नाही. तिसऱ्या रुळाच्या व्यवस्थेत व्होल्ट बांधलेले आहेत. हलवता येईल असा आकडा एकच उरतो, रोधाचा.

शहराच्या घरगुती विजेनेही हा पेच सुरुवातीलाच अनुभवला होता. २४ जुलै १८७९ रोजी पी. डब्ल्यू. फ्लूरी आणि कंपनीने कोलकात्यात विजेच्या दिव्याचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले. १८९५ मध्ये विजेच्या दिव्यांसाठी कायदा झाला, १८९७ मध्ये किलबर्न आणि कंपनीला परवाना मिळाला आणि त्याच वर्षी कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशन हे नाव रूढ झाले. १७ एप्रिल १८९९ रोजी प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग लेनमध्ये तिचे पहिले वीजघर सुरू झाले, क्षमता १००० किलोवॉट. कोळशाचा धूर सोडणारे वीजघर भर वस्तीत, एका गल्लीत का? उत्तर त्याच भागाकारात आहे. समजा २२५ व्होल्टवर १०० किलोवॉट एक किलोमीटर दूर पोचवायचे आहेत. धारा लागेल ४४४ अँपिअर. तीनशे चौरस मिलिमीटर छेदाच्या जाड तांब्याच्या केबलचाही जाऊन-येऊन रोध होतो सुमारे ०.११५ ओहम. वाटेत ५१ व्होल्ट गेले आणि ग्राहकाच्या दिव्याला उरले १७४. व्होल्टेजच्या वर्गाने उजेड घसरणार हे इस्त्रीच्या उदाहरणात पाहिलेच आहे. तीच वीज ४५० व्होल्टवर पाठवली तर धारा २२२, गळती साडेपंचवीस व्होल्ट, आणि वाया जाणारी शक्ती पावणेतेवीस किलोवॉटवरून पावणेसहावर येते. एकदिश विजेचे व्होल्टेज तेव्हा सहज चढवता-उतरवता येत नव्हते, म्हणून वीजघराने ग्राहकाच्या दाराशी उभे राहणे भाग होते. एस्प्लनेड ते खिदिरपूर विजेची ट्राम २७ मार्च १९०२ ला सुरू झाली, तीही अशाच एकदिश विजेवर.

पण रोधाशी या शहराची पहिली गाठ पडली ती त्याच्याही साठ वर्षे आधी, आणि तिचा नायक होता एक डॉक्टर. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा आयर्लंडचा वैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आला आणि १८३५ मध्ये सुरू झालेल्या कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. १८३९ मध्ये त्याने हुगळीच्या काठी, शिबपूरच्या वनस्पती उद्यानाच्या परिसरात बांबूंवर तारा ताणून सुमारे २१ मैलांचे विद्युतमंडल उभे केले. त्यातले जवळजवळ ७००० फूट तार नव्हतीच, ते नदीचे पाणी होते. हुगळीच धारेचा वाहक झाली. पाण्याची रोधकता, म्हणजे ठरावीक लांबी-छेदाच्या तुकड्याचा रोध, धातूच्या कैक कोटी पट असते. तरी नदी वाहक होऊ शकते, कारण तिचा छेद अफाट असतो. रोध लांबीने वाढतो आणि छेदाने घटतो, हा नियम असा उघड्यावर, अख्ख्या नदीवर सिद्ध झालेला पाहणे हे माझ्या मते त्या काळातल्या विज्ञानाचे मोठे भाग्य होते. संदेश ओळखायची रीतही विलक्षण होती. घेणाऱ्याच्या बोटाला विजेचे हलके झटके बसत, आणि दोन्ही टोकांना एकत्र चालणाऱ्या घड्याळांवरून त्यांचा अर्थ लावला जाई.

कंपनीने त्याला पुढे जायला सांगितले ते १८५० मध्ये, गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात. कोलकाता ते डायमंड हार्बर ही तारयंत्राची मार्गिका १८५१ मध्ये कामकाजासाठी सुरू झाली. शिवचंद्र नंदी हे बंगाली सहकारी या कामात त्याचा उजवा हात होते. युरोपात बारीक तारा वापरत असत, ओशॉनेसीने मात्र तीन अष्टमांश इंच जाडीच्या लोखंडी सळ्या उभारल्या. कारणे अस्सल इथली होती: तारेवर लोंबकळणारी माकडे, बसणारे घारींचे थवे, खांबांना अंग घासणारी गुरे, वादळे. जाड सळीचा दुसरा लाभ विजेचा होता, आणि तो आकड्यांत पाहण्यासारखा आहे. साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या सळीचा छेद सुमारे ७१ चौरस मिलिमीटर. शुद्ध लोखंडाची रोधकता धरली तर दर किलोमीटरला १.४ ओहम. डायमंड हार्बरपर्यंतचे अंतर ४३ किलोमीटर मानले तर सगळी सळी मिळून ६० ओहम. त्याऐवजी चार मिलिमीटरची तार असती, तर रोध ३४० ओहमच्या घरात गेला असता. दहा व्होल्टच्या बॅटरीने पहिल्या सळीतून जमिनीच्या परतवाटेने सुमारे ०.१७ अँपिअर धारा निघते, दुसरीतून जेमतेम ०.०३. आधारांवरून, ओल्या खांबांवरून, पावसाळी हवेतून थोडी वीज गळणारच. पण हाती मोठी धारा असेल तर ती गळूनही दुसऱ्या टोकाची सुई हलवायला पुरेशी उरते. रोध कमी करण्यासाठी धातू वाढवायचा हा मार्ग मेट्रोच्या निर्णयाआधी दीडशेहून अधिक वर्षे याच नदीकाठी चोखाळला गेला होता. १८५२ मध्ये ब्रह्मदेशाच्या युद्धात रंगून पडल्याची वार्ता हुगळीच्या मुखाजवळच्या केजरी ठाण्यावरून याच मार्गिकेने कोलकात्यात पोहोचली. त्यानंतर कंपनीने हात आखडता घेतला नाही. १८५४ च्या मार्चपर्यंत तार आग्र्याला पोहोचली, पुढे मुंबई आणि मद्रासही जोडली गेली. १८५५ च्या फेब्रुवारीत ती सामान्य लोकांसाठी खुली झाली.

आतापर्यंतच्या सगळ्या हिशोबांत एक गोष्ट आपण मुकाट्याने गृहीत धरली: विभवांतर दुप्पट केले की धारा दुप्पट होते, म्हणजे भागाकार नेहमी तोच येतो. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांचे तापमान फार बदलले नाही तर हे खरे असते. दिव्याच्या तंतूचे तसे नाही. शंभर वॉटच्या जुन्या दिव्याचा पेटलेला रोध २३० व्होल्टच्या हिशोबाने ५२९ ओहम निघतो, पण विझलेल्या थंड दिव्याला मीटर लावले तर तो त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. तापल्यामुळे बदलणारा हा रोध समजायला अवघड नाही. पण तापल्याशिवायही भागाकार बदलत जातो असे वाहक असतात, आणि त्यांचा मागोवा घेणारा माणूस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात काम करत होता.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यांच्या लहरी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या होत्या, आणि त्या पकडायला संवेदनशील ग्राहक, म्हणजे लहर टिपणारे उपकरण, हवा होता. लोखंडाचे अणकुचीदार टोक लोखंडाच्याच पृष्ठावर हलकेच टेकवून, दाब बारीक स्क्रूने सांभाळून त्यांनी असे ग्राहक बनवले. मग प्रत्येक स्पर्शबिंदूला थोडे थोडे विभवांतर देत धारा मोजली आणि आलेख काढला. ओहमचा नियम सांगतो की रेघ सरळ यावी. बोसांची रेघ वाकली. सुमारे ०.४५ व्होल्टपाशी तिला गुडघा होता: तिथपर्यंत धारा आळसावलेली, तिथून पुढे झपाट्याने चढणारी.

इथे रोध हा शब्द दोन अर्थांनी वापरावा लागतो. समजा अशा एखाद्या स्पर्शबिंदूत ०.४० व्होल्टला १ मिलिअँपिअर आणि ०.५० व्होल्टला ३ मिलिअँपिअर धारा आहे. भागाकाराने पहिल्या ठिकाणी रोध ४०० ओहम, दुसऱ्या ठिकाणी १६७. पण विभवांतर ०.१० व्होल्टने वाढल्यावर धारा २ मिलिअँपिअरने वाढली, म्हणजे या वाढीपुरता रोध केवळ ५० ओहम. येणारी लहर विभवांतरात अशीच सूक्ष्म हालचाल करते, तेव्हा तिच्यासाठी अर्थपूर्ण असतो हा तिसरा आकडा, आणि त्याहून अधिक रेघेचा वाक. लहर वर-खाली सारखीच हलते. सरळ रेघेवर तिची वाढ आणि घट एकमेकींना खाऊन टाकतात आणि मीटरची सुई जागची ढळत नाही. गुडघ्यापाशी मात्र वर जाताना धारा खूप वाढते, खाली येताना थोडीच घटते. उरलेली बाकी सुईला ढकलते आणि लहर आल्याचे कळते. बोसांनी हे ओळखले आणि बॅटरीने ग्राहकाला आधीच त्या गुडघ्यापाशी आणून ठेवायची रीत घातली, कारण त्याच व्होल्टेजला तो सर्वांत संवेदनशील होता. लोखंडाखेरीज अनेक पदार्थ त्यांनी असे तपासले. गॅलिना, म्हणजे शिशाच्या नैसर्गिक सल्फाइडचा स्फटिक वापरून केलेल्या ग्राहकासाठी त्यांच्या नावे १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. अर्धवाहक पदार्थावर आधारलेल्या उपकरणांच्या अगदी पहिल्या पेटंटांमध्ये त्याची गणना होते.